ब्लाइथचा वटवट्या आणि त्याचा विसरलेला भाऊ: एक 'काळजी नको', दुसरा 'माहिती अपुरी'

दुर्बीण

दर हिवाळ्यात पक्ष्यांच्या गटांवर एक ठरलेला फोटो येतो. झुडपाच्या पार आत बसलेला, निम्मा पानाआड गेलेला पक्षी. पाठ मातकट, पोट पांढुरकं, डोळ्यावर पुसट भुवई. खाली प्रश्न, 'आयडी प्लीज'. दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. दहाव्या वेळी कुणीच उत्तर देत नाही.

हा धागा त्या ब्लाइथबद्दल आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाबद्दल आहे. नातेवाइकाचं नाव लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर, शास्त्रीय नाव अ‍ॅक्रोसेफॅलस ओरिनस. पुढे सोयीसाठी नुसतं 'ब्लाइथ' आणि 'ओरिनस' म्हणतो.

ब्लाइथ आपल्या ओळखीचा. फिनलंड आणि बाल्टिक देशांपासून पूर्वेला सायबेरिया आणि मध्य आशियापर्यंत त्याची वीण होते. थंडीत हा सगळा लवाजमा भारतीय उपखंडात उतरतो, थेट श्रीलंकेपर्यंत. नावात 'रीड' असलं तरी बोरूच्या बेटांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. कुंपणाची मेंदी, घाणेरीची जाळी, बांधावरची झुडपं, काहीही चालतं. दिसायच्या आधी ऐकू येतो. जाळीतून कुणीतरी ठरावीक अंतरानं 'टक्... टक्...' करत असतं आणि आपण वाकून बघेस्तोवर आवाज पलीकडे गेलेला असतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (कुठली जात किती धोक्यात, याची यादी) तो 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे तूर्त काळजी नसलेला. उलट गेल्या शतकात युरोपात तो पश्चिमेकडे पसरलाच आहे.

आता ओरिनस. १८६७ च्या नोव्हेंबरात सतलजच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचलमधल्या रामपूरजवळ, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना एक वटवट्या मिळाला. (हो, तेच ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला.) चोच नेहमीपेक्षा मोठी, पंख आखूड आणि गोलसर. ह्यूमनी १८६९ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. त्यानंतर काहीच नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं जगाकडे या जातीचा पुरावा म्हणून तो एकच नमुना होता. ह्यूमचा पाऊण लाखाच्या वरचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला, त्यातच हाही गेला आणि खणात पडून राहिला. ही वेगळी जात नाहीच, दुसऱ्याच कुठल्यातरी बोरू वटवट्याचा विचित्र नमुना आहे, असं म्हणणारेही होते.

२००२ साली स्टाफन बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन यांनी त्या जुन्या कातड्यातून डीएनए काढला. जात वेगळीच निघाली, आणि सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला ब्लाइथ. मग २७ मार्च २००६ ला थायलंडमधल्या लाएम फाक बिआ इथे फिलिप राउंड पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालत असताना जाळ्यात एक लांब चोचीचा, आखूड पंखांचा वटवट्या आला. जागा म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प. त्याची दोन पिसं स्वीडनला बेन्श यांच्याकडे गेली, आणि उत्तर आलं, हा ओरिनस.

मला खरी गंमत त्याच्यानंतरची वाटते. काही महिन्यांतच इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात (ब्रिटिश म्युझियमचा पक्षीसंग्रह आता तिथे आहे) दुसरा नमुना सापडला. १८६९ चा, भारतातलाच. इतकी वर्षं तो 'ब्लाइथ' अशा चिठ्ठीखाली पडून होता.

२००८ मध्ये अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतात, वाखानच्या पट्ट्यात, वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीचे रॉबर्ट टिमिन्स यांनी एका वटवट्याचं गाणं मुद्रित केलं. ते ऐकून स्वीडनचे लार्स स्वेन्सन यांनी हा ओरिनस असावा असं सुचवलं. पुढच्या वर्षी चमू परत गेला, तेच गाणं वाजवून पक्षी जवळ बोलावले, सुमारे वीस पकडले, पिसं घेतली आणि सोडून दिले. डीएनएनं शिक्कामोर्तब केलं. वीण नेमकी कुठे होते ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एवढं सगळं होऊनही लाल यादीत ओरिनसपुढे 'डेटा डेफिशिअंट', माहिती अपुरी, हाच शेरा आहे. माझं म्हणणं असं की हा शेरा दोन्ही बाजूंनी चुकीचा वाचला जातो. कुणी त्याला 'अतिदुर्मीळ' समजून मथळे करतं. कुणी, आणि यात निधी देणारे आले, त्याला 'धोक्याच्या यादीत नाही ना, मग ठीक' असं समजून पुढे जातं. दुसरं जास्त वाईट. तुमचं काय मत?

---

अवलोकिता

मस्त धागा. 'दहाव्या वेळी कुणीच उत्तर देत नाही' याला जोरदार +१.

एक शंका. दोघांत फरक काय? म्हणजे फोटोत, पक्षी हातात न घेता.

---

दुर्बीण

ताई, प्रामाणिक उत्तर म्हणजे नुसत्या फोटोवरून बहुतेक वेळा जमत नाही. ओरिनसची चोच लांब आणि बुंध्याशी रुंद. खालची चोच टोकापर्यंत फिकट दिसते, ब्लाइथच्या टोकाशी बहुधा काळपट छटा असते. नख्या, विशेषतः मागच्या बोटाची, ओरिनसच्या लांब. शेपूटही थोडी लांब. पण फांदीवरचा पक्षी वळलेला असतो, ऊन तिरपं असतं, चोच निम्मी पानात असते. 'चोच मोठी वाटतेय' एवढ्यावर कुणी ओरिनस जाहीर केला तर मी तरी मान डोलावणार नाही.

---

कानोसा

लेख चांगला, पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही.

मुळात हा पक्षी 'हरवला' होता का? अफगाणिस्तानातल्या शोधानंतर रशियन संग्रहालयांचे खण उघडले, तर तिथेही ओरिनस निघाले. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किरगिझस्तान, कझाकस्तान, सगळीकडचे. लोक ते मारून, कातडी भरून, चुकीची चिठ्ठी लावून ठेवत होते. म्हणजे पक्षी आपल्या जागी मजेत होता, बघणाऱ्यांचे डोळे आंधळे होते. अशा पक्ष्यासाठी संवर्धनाचा डंका पिटायचा आणि तिकडे माळढोकासाठी पैसे नाहीत म्हणायचं, हे मला पटत नाही. ओरिनसची 'माहिती अपुरी' ही ओळखपत्राची अडचण आहे. त्याला जगण्यामरण्याचा प्रश्न करू नका.

---

दुर्बीण

कानोसा, संग्रहालयातल्या नमुन्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की ते जमवले गेले तेव्हा तो पक्षी त्या जागी होता. आज आहे का, किती आहे, हे त्यातून कळत नाही. खणातल्या कातड्यावर 'हे झुडूप अजून उभं आहे' असं लिहिलेलं नसतं.

आणि झुडूप हाच कळीचा मुद्दा आहे. ब्लाइथसारखं 'कुठलीही जाळी चालेल' असं याचं वीण काळात दिसत नाही. वाखान आणि पंजच्या खोऱ्यात तो सापडला तो नदीकाठच्या विलो आणि सीबकथॉर्नच्या दाटीत. (सीबकथॉर्न म्हणजे ज्याच्या फळांचा रस लडाखमधून 'लेह बेरी' म्हणून बाजारात आला होता ते काटेरी झुडूप.) त्या मुलखाचा नकाशा उघडून बघा. दोन्हीकडे उघडे, कोरडे डोंगर आणि मधे पाण्यालगत हिरवी चिंधी. झाडझाडोरा काय तो तिथेच. माणसाची शेतीही तिथेच, गुरांची चराईही तिथेच, आणि कडाक्याच्या थंडीत चुलीत घालायचं सरपणही तिथूनच. ज्या झुडपात घरटं, तेच झुडूप विळ्याखाली.

लोकांना दोष देत नाहीये. तिथे दुसरं जळण आहे कुठे? पण पक्ष्याच्या बाजूनं पाहिलं तर ही अडचण ओळखपत्राची नाही.

---

जिज्ञासू

अडाणी प्रश्न, सांभाळून घ्या. 'लीस्ट कन्सर्न' किंवा 'धोक्यात' हे ठरवतं कोण आणि कसं? मतदान असतं का? :)

---

अवलोकिता

जिज्ञासू, अजिबात अडाणी प्रश्न नाही, निम्म्या बातमीदारांना हे माहीत नसतं.

पक्ष्यांच्या बाबतीत आययूसीएनसाठी हे काम बर्डलाइफ इंटरनॅशनल करतं. ठरलेले निकष आहेत. ढोबळमानानं, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातलं जे जास्त असेल ते) संख्या ३० टक्क्यांनी घटली तर 'व्हल्नरेबल' (असुरक्षित), ५० टक्क्यांनी घटली तर 'एन्डेंजर्ड' (धोक्यात), ८० टक्क्यांनी तर 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (अतिधोक्यात). शिवाय वावराचं क्षेत्र किती, त्याचे तुकडे पडलेत का, प्रौढ पक्षी किती उरले, असे निकष आहेत. यातला एक जरी लागू झाला तरी पुरतो.

ब्लाइथचं क्षेत्र अफाट, संख्या प्रचंड, मोठी घट दिसत नाही. त्यामुळे तो 'लीस्ट कन्सर्न'. ओरिनसच्या बाबतीत घट मोजायला आधी जुना आकडा हवा, तोच नाही. म्हणून शेरा.

---

तोरणमाळकर

धागा वाचतोय आणि रानपिंगळा (हरवून पुन्हा सापडलेलं छोटं घुबड) कुणी अजून काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मीच काढतो.

रानपिंगळ्याचं वर्णनही ह्यूमचंच, १८७३ चं. शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. नंतर ११३ वर्षं शुकशुकाट. मधे एकच नोंद होती, कर्नल माइनरट्झहागन यांची, गुजरातमधल्या मांडवीची १९१४ ची. शोधणारे तिकडे जाऊन हात हलवत परत यायचे. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातूनच पळवलेला, नवी चिठ्ठी लावून खपवलेला. ती नोंद बाजूला ठेवून फक्त खऱ्या चिठ्ठ्यांच्या जागी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला, तोही भर दिवसा.

पुढचं या धाग्याच्या कामाचं. सापडला तेव्हा तो 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' होता. मग लोक कामाला लागले, मेळघाट, तानसा, इतर ठिकाणच्या नोंदी आल्या, आणि २०१८ मध्ये एक पायरी खाली उतरवून 'एन्डेंजर्ड' केलं. माहिती वाढली म्हणून दर्जा बदलला, तोही चांगल्या दिशेनं. कानोसांचा अंदाज खरा असेल आणि ओरिनस भरपूर निघाला, तर तेही मोजल्यावरच कळणार ना?

---

कानोसा

तोरणमाळकर, उदाहरण उत्तम, पण माझ्याच बाजूचं आहे. रानपिंगळ्याला आधी वरचा दर्जा मिळाला, मग पैसा आला, मग मोजणी झाली. ओरिनसला कुणी वरचा दर्जा देणार नाही, कारण तो इतक्या पसरलेल्या जागी सापडलाय. म्हणजे पैसा येणार नाही आणि मोजणीही होणार नाही. मग 'माहिती अपुरी' हा शेरा पुढची पन्नास वर्षं तसाच राहणार.

---

दुर्बीण

कानोसा, तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. :) यालाच मी 'जास्त वाईट' म्हणत होतो.

तरी अगदीच काही झालं नाही असं नाही. अफगाणिस्तानच्या पर्यावरण संस्थेनं ओरिनसला संरक्षित जातींच्या यादीत घातलं. २०१४ मध्ये वाखान राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, त्यात पक्ष्याचा ठाऊक असलेला वावर येतो. उद्यान जाहीर झालं ते मुख्यतः हिमबिबट्या आणि मार्को पोलो मेंढ्यांच्या नावावर. वटवट्याला त्यांच्या पदराआड जागा मिळाली. छोट्या, मातकट पक्ष्यांचं नशीब बहुतेक असंच.

---

पाऊलवाट

थोडं विषयांतर, पण 'जवळचे भाऊ आणि वेगवेगळा दर्जा' यावर उत्तर अमेरिकेतली जोडी आठवल्याशिवाय राहवत नाही. गोल्डन-विंग्ड आणि ब्लू-विंग्ड वॉर्बलर.

आपल्या जोडीच्या बरोबर उलट प्रकार. ब्लाइथ आणि ओरिनस दिसायला सारखे, पण डीएनएनं ठळक वेगळे. हे दोघे दिसायला पार वेगळे. एकाचा गळा काळा आणि पंखावर सोनेरी पट्टा, दुसरा पिवळाधमक. पण २०१६ मध्ये त्यांचा जनुकसंच तपासला तर ९९.९७ टक्के सारखा! फरक मोजक्या सहा तुकड्यांत, आणि त्यातले बरेचसे पिसांच्या रंगाशी आणि घडणीशी निगडित. दोघांचा संकर सर्रास होतो. संकरित पिल्लांना १८७४ मध्ये चक्क दोन नव्या जाती म्हणून नावं दिली गेली होती, ब्रूस्टर्स आणि लॉरेन्सेस. आजही तिथले पक्षीनिरीक्षक संकरित पक्ष्यांना त्याच नावांनी ओळखतात.

ब्लू-विंग्ड 'लीस्ट कन्सर्न', गोल्डन-विंग्ड 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. कुणी म्हणतं गोल्डनला ब्लूनं संकरातून गिळलं. पण अ‍ॅपलाचिअन डोंगरातले गोल्डन झपाट्यानं घटलेत आणि ग्रेट लेक्सच्या बाजूचे बरेचसे टिकून आहेत. छोटी यंत्रं बांधून माग काढल्यावर दिसलं की अ‍ॅपलाचिअनवाले थंडीत दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला जातात, ग्रेट लेक्सवाले मध्य अमेरिकेत. म्हणजे एकाच जातीच्या दोन घोळक्यांचं बरंवाईट हिवाळी घरावरही ठरतंय.

ओरिनसचं हिवाळी घर तरी ठाऊक आहे का?

---

दुर्बीण

विषयांतर कसलं, नेमका प्रश्न विचारलात. थायलंडमध्ये २००६ नंतरही नोंदी झाल्या, त्यामुळे आग्नेय आशियात काही पक्षी उतरतात हे नक्की. मध्य आशियातून तिकडे जायचं तर हिमालयाच्या पायथ्यानं पूर्वेला सरकणं हा सरळ मार्ग वाटतो. ह्यूमचा पक्षी नोव्हेंबरात सतलजकाठी मिळाला तो या हिशेबात बसतो. हा माझा तर्क, पण फार ताणलेला नाही.

पाऊलवाट यांच्या उदाहरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की वीण होते ती जागा वाचवली आणि हिवाळ्यातली जागा गेली तर उपयोग शून्य. वाखानचं उद्यान कितीही चांगलं चालवलं तरी वर्षातले बरेच महिने तो पक्षी तिथे नसतोच.

---

जिज्ञासू

मग आपण काय करू शकतो? पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप लावून बसायचं का?

---

अवलोकिता

मर्लिनच्या भरवशावर ओरिनस नोंदवू नका, कृपा करून! ॲपचं उत्तर हा इशारा समजायचा, पुरावा नाही.

कुणी मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबरात हिमाचल, उत्तराखंड, उत्तर बंगाल या पट्ट्यात असाल आणि 'ब्लाइथ आहे, पण काहीतरी वेगळं' असं वाटलं, तर बाजूनं चोचीचा स्पष्ट फोटो घ्या, खालची चोच टोकापर्यंत दिसेल असा. पायांचाही घ्या, मागच्या नखीसकट. आवाज मोबाइलवर का होईना, मुद्रित करा. तो कसल्या झुडपात होता तेही लिहा. यातलं एखादं सुटलं तरी चालेल, पण 'मोठी चोच, दुर्मीळ!' एवढंच लिहून सोडू नका.

---

कडीवाला

कडी घालण्याच्या कामात मदतनीस म्हणून राहिलोय, त्यामुळे थोडी भर. पक्षी हातात असतानाही ही जोडी सोपी नाही. पंख हलकेच उलगडून कडेच्या लांब पिसांचा क्रम बघतात. कुठलं पीस कुठल्यापेक्षा किती आखूड, कुठल्या पिसाच्या कडेला खाच आहे. मग चोच कवटीपासून टोकापर्यंत मोजायची, मग नखी, मग शेपूट. पक्षी जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा, छाती बोटांत धडधडत असते, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो. शंका उरली तर एखादं पीस डीएनएसाठी. हे सगळं परवानगी असलेल्या प्रशिक्षित लोकांनीच करायचं, घरच्या घरी जाळं लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि दुर्बीण, संग्रहालयांबद्दल एक. आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत 'ब्लाइथ' लिहिलेली कातडी काही कमी नसतील. ट्रिंगमध्ये एक निघालं, रशियात अनेक निघाले. इथल्या खणांतही कुणीतरी चोच आणि नख्या मोजत बसायला हवं. खर्च नगण्य, हिमालयात जायला नको.

---

कानोसा

हे मात्र पटलं. यासाठी कुणाच्या तोंडचा घास काढायला नको. एखाद्या एमएस्सीच्या मुलाला प्रकल्प म्हणून दिला तरी होईल.

माळढोकाबद्दलचं माझं मत कायम आहे, तेवढं नोंदवून ठेवतो.

---

दुर्बीण

नोंदवलं. माळढोकाचा वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूनं असेन.

कडीवाला, अशा मोजमापात चोचीबरोबर पंखाची लांबीही घ्यावी लागेल ना? जुन्या कातड्याचं पीस आक्रसतं का, त्यामुळे आकड्यात किती फरक पडतो, यावर सविस्तर लिहाल का? एमएस्सीवाला कुणी हे वाचत असेल तर त्याला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

---

कडीवाला

वाळल्यावर पंख थोडा आखडतो, म्हणून जिवंत पक्ष्याचे आकडे आणि कातड्याचे आकडे एकाच तक्त्यात मिसळायचे नाहीत. चोच आणि नखीत फरक त्या मानानं कमी. सुरुवात चोचीपासूनच करावी. ज्या कातड्याची चोच बाकीच्यांच्या पुढे गेलेली दिसेल ते बाजूला काढायचं, मग नखी, मग पंख, आणि तरीही ते वेगळंच दिसलं तर पायाच्या तळव्याचा बारीक तुकडा डीएनएसाठी. तुकडा काढायला संग्रहालयाची लेखी परवानगी लागते, तो अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकून ठेवा.